कपड्याचं कापड करू नका

ताई,

गेल्या वर्षापासून मला जुन्या कपड्यांतून पिशव्या आणि नवे कपडे शिवायचं वेड लागलंय. सेकंडहँड कपडे गठ्ठ्यानं आणते, ओळखीच्यांकडूनही घेते. आणले की चौकोन कापून ठेवते आणि मग जमेल तसे जोडते. पण जे तयार होतं त्याला रूपच येत नाही. जीन्सची एक पिशवी केली, चार पुस्तकं घातल्याबरोबर पट्टा कापडासकट उखडून आला. दोन शर्ट आणि थोडं नवं कापड मिळून स्वतःसाठी टॉप शिवला, पहिल्याच धुण्यात त्याचा चोळामोळा झाला. जीन्सवर सुया तर इतक्या मोडतात की मशीनची भीती वाटायला लागलीये. खोलीत सहा पोती कपडे पडलेत. मुलगी म्हणते, "आई, तू शिवत नाहीस, साठवतेस." एका मैत्रिणीनं पिशवी विकत मागितली, पण किती सांगावे कळेना म्हणून फुकट देऊन टाकली.

आणि शेवटचं. वडिलांचा एक लोकरी कोट माझ्याकडे आहे. ते जाऊन दोन वर्षं झाली. घरात कुणाच्याच अंगाला तो येत नाही. त्याची पिशवी करावी असं मनात येतं, पण कात्री लावायला हात होत नाही. काय करू?

— कात्री हातात धरून बसलेली

*

प्रिय कात्रीवाल्या बाई,

तुमच्या पत्रात पट्टा, सुया, पोती, कोट असं बरंच आहे, पण मी अडखळले ते "आणले की चौकोन कापून ठेवते" या वाक्यापाशी. बाकीची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू झालीत.

आपल्या भाषेत कापड वेगळं आणि कपडा वेगळा. कापड म्हणजे ठाणातून फाडून आणलेलं, अजून काहीच न झालेलं. कपडा म्हणजे त्या कापडावर कुणीतरी बेतून, कापून, शिवून, दाबून, काजं करून घेतलेली मेहनत. तुम्ही कपडा घरी आणता आणि पहिल्याच दिवशी त्याचं पुन्हा कापड करता. तेही वाईट कापड: लहान तुकड्यांचं, मधे शिवणी असलेलं, काही ठिकाणी झिजलेलं. नवं कापड याहून सोपं पडलं असतं. जुन्या कपड्यात जे खरं धन असतं, म्हणजे तयार खिसा, पक्की बटणपट्टी, दुहेरी शिवण, कमरेची पट्टी, स्वेटरची खालची रिब, ते तुमच्या चौकोनांत बसत नाही, म्हणून तुम्ही ते टाकून देत असणार. अहो, तेच ठेवायचं आणि मधलं गेलं तर जाऊ द्यायचं.

बेल्जियमचा डिझायनर मार्टिन मार्जेला यानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करी पायमोज्यांचा स्वेटर केला होता. त्यानं मोजे उलगडून जोडले, पण टाचेचा फुगीर भाग सपाट करायच्या भानगडीत पडला नाही. ती टाच कोपरावर आणि छातीवर येईल अशी त्यानं मांडणी केली. मोजा विणणाऱ्यानं टाचेसाठी दिलेली गोलाई फुकटात कोपराला मिळाली. मला कुणी विचारलं की या कामात कसब कशाला म्हणायचं, तर मी या मोज्याकडे बोट दाखवते. आपल्याला पॅरिसमध्ये शो करायचा नाहीये, पण कपडा हातात घेतल्यावर "यात आधीच काय तयार आहे?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

जीन्सचंच बघा. पँटचा एक पाय म्हणजे तयार नळी. मांडीच्या खालून हवी तेवढी उंची ठेवून आडवा कापलात, उलटा करून तळाला एक टीप मारलीत, की पिशवीचं अंग झालं. दोन बाजूंना कारखान्यातून पक्क्या शिवणी मिळालेल्याच आहेत. तळाचे दोन कोपरे त्रिकोणी दुमडून आडवी टीप घातली की पिशवीला बूड येतं आणि ती उभी राहते. पाय खाली निमुळता होत असेल तर रुंद बाजू तोंडाकडे ठेवा. मोठी पिशवी हवी असेल तर कमरेचा भाग घ्या: चेन बंद, खिसे जागच्या जागी, पाय जिथं फुटतात तिथून कापून तळ शिवायचा. फक्त पुढची क्रॉचची वळणदार शिवण थोडी उसवून सपाट करून घ्यावी लागते, नाहीतर तिथं फुगवटा राहतो.

आता तुमचा उखडलेला पट्टा. पट्टा तुटला नाही, दोराही तुटला नाही, कापड फाटलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे शिलाई चांगली होती, जागा चुकली. चार पुस्तकांचं ओझं नखाएवढ्या जागेवर लटकत होतं. ही अडचण जीन्सइतकीच जुनी आहे. मजुरांच्या पँटींचे खिसे कोपऱ्यात उसवतात, या तक्रारीवर उपाय म्हणून जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्यानं तिथं तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोट्या मेखा, ठोकायला सुरुवात केली, आणि २० मे १८७३ रोजी त्याला व कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना मिळून त्याचं पेटंट मिळालं. ताण कोपऱ्यात गोळा होतो, एवढंच त्या शिंप्याला समजलं होतं. तुम्हाला रिव्हेट ठोकायची गरज नाही. पट्टा मोकळ्या कापडावर लावू नका. बाजूच्या जाड शिवणीवर घ्या. कमरपट्टीच्या वर थांबू नका, पट्ट्याचं टोक चांगलं पाच-सहा सेंटिमीटर खाली उतरू द्या. आतून जीन्सचाच एक तुकडा ठेवा, पट्ट्याच्या टोकापेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा. मग चौकोनी टीप आणि तिच्या आत फुली. पट्ट्यासाठी तीच कमरपट्टी कापून वापरता येते, पण आधी टेबलावर ठेवून सरळ आहे का बघा. पुष्कळ बायकी जीन्सची कमरपट्टी वळणदार बेतलेली असते, ती खांद्यावर वाकडी बसते. आणि बेल्टच्या लुप्पीत पट्टा ओवायचा मोह आवरा. दिसायला झकास, पण लुप्पी दोन टोकांना जेमतेम धरलेली असते. हलक्या ओझ्याला ठीक, पुस्तकांना नाही.

सुयांचं कारण मी पैजेवर सांगते: एक तर तुम्ही शर्टाची सुई जीन्सला लावताय, नाहीतर ती रिव्हेटवर आपटतेय. सोळा नंबरची जीन्स सुई घ्या, फारच जाड थर असतील तर अठरा. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा ठेवा. जिथं शिवणीवर शिवण येते आणि सहा-सात थरांचा उंचवटा होतो, तिथं आधी हातोडीनं ठोकून घ्या. हो, खरी हातोडी, खाली लाकूड आणि वर फडकं ठेवून. मशीनचा दाबपाय उंचवट्यावर चढताना मागून तिरका होतो आणि टाके चुकतात. त्याच्या मागच्या बाजूखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली की तो सपाट राहतो. तरी मशीन कुरकुरलं तर मोटर बंद ठेवा आणि चाक हातानं फिरवून ते चार टाके घ्या. घाई कुणाला आहे?

टॉपचं दुखणं वेगळं. दोन शर्ट कैक वेळा धुऊन आटायचे तेवढे आटून गेले होते, शेजारी बसवलं नवं कोरं कापड. पहिल्या धुण्यात नवं आटलं, जुनं तसंच राहिलं, आणि आखडलेल्या कापडानं दुसऱ्याला ओढून सुरकुत्या पाडल्या. जुन्याला जुनं जोडावं. नवं हवंच असेल, अगदी अस्तराला का असेना, तर आधी भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावावी. पिशव्यांची अस्तरंही याच कारणानं बाहेरचं अंग आत ओढतात.

दुसरं असं की दोन शर्टांचा एक टॉप करण्यापेक्षा एका ढगळ शर्टाचा एक टॉप करा. मोठ्यातून लहान निघतं. लहानातून मोठं काढायला गेलं की जोड दिसतात आणि तुम्हाला खुपणारं ते ठिगळांचं रूप येतं. पुरुषाचा मोठा शर्ट घ्या. बटणपट्टी मुळीच हलवू नका, काजं करणं हे सगळ्यांत किचकट काम दुसऱ्यानं करून ठेवलंय. कॉलर झिजली असेल तर वरची कॉलर उसवून नुसता उभा पट्टा ठेवा, छान दिसतो. बाजूच्या शिवणी आत घ्या, खालचा घेर ठेवा. पण मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या वळणाला, हात लावायच्या आधी तीनदा विचार करा. मुंढा आणि बाही यांची वळणं एकमेकांशी जुळवलेली असतात. एक बदललं की दुसरं बसत नाही. खांदे फारच उतरत असतील तर बाह्या काढून टाका, मुंढा हवा तेवढा आत कापा आणि तिरक्या पट्टीनं दुमडून बिनबाह्यांचा टॉप करा. काढलेल्या बाह्या वाया जात नाहीत. कफाकडचा भाग, काज-बटणासकट, चष्म्याचं किंवा छत्रीचं झकास घर होतो.

टी-शर्टला मात्र शर्टाचे नियम लावू नका. शर्टाचं कापड विणकरी, उभ्या-आडव्या धाग्यांचं. टी-शर्ट म्हणजे फासात फास अडकवलेलं, ताणणारं. त्याची पिशवी केली तर भाजी घातल्यावर गुडघ्यापर्यंत लोंबते आणि त्याचं अस्तर केलं तर बाहेरची पिशवी सुरकुतते. वापरायचंच तर उलट करा, ताणणं कामी येईल असं: लहान मुलाचे कपडे, कमरेची मऊ पट्टी, डोक्याला बांधायची पट्टी. सुई बोथट टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट; टोकदार सुई धागा तोडते आणि आठवड्यानं तिथं बारीक भोकं दिसायला लागतात. ताणणाऱ्या जीन्सचंही भान ठेवा. त्यातला इलॅस्टिकचा धागा वय आणि उष्णता यांनी मरतो. कापड ओढून सोडल्यावर जागेवर परतलं नाही किंवा त्यावर लाटा दिसल्या, तर त्या कपड्यावर कष्ट घेऊ नका.

शिवण्याइतकंच निवडणं महत्त्वाचं आहे, आणि तुमची सहा पोती तिथं आडवी येतायत. प्रत्येक कपडा खिडकीशी धरून उजेडात बघा. बगल, कोपर, मांडीची आतली बाजू, बसायची जागा इथं कापड आधी विरतं. उजेड आरपार दिसला की तो भाग बाद. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड झटक्यानं ओढा. 'चर्र' असा आवाज आला तर ते फडकं, पिशवी नव्हे. गडद रंगाच्या कपड्याच्या आतल्या घडीवर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर त्या कापडाला पांढरं अस्तर लावू नका. जीन्सची निळी धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेली असते, म्हणून ती घासली की उतरते. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ती पक्की होते असं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण तसं होत नाही. त्यापेक्षा दोन-तीन धुणी जास्त करा.

धुण्यावरून आठवलं. बाहेरून आलेला कपडा शिवणाच्या खोलीत तसाच नेऊ नका. सुती असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. लोकरी कपड्याला ते चालत नाही. तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवला की कसर आणि तिच्या अळ्या मरतात. माझ्या एका निष्काळजी दिवसाची किंमत मी एका अख्ख्या शालीनं मोजली आहे, तेव्हा यात सूट नाही.

शुद्ध लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला आणि आटून बाहुलीचा झाला, तर मात्र रडू नका. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांनी ते एकमेकांत अडकतात आणि घट्ट नमदा तयार होतो. तो कापला तरी उसवत नाही. त्याच्या पिशवीला कडा दुमडायच्या नाहीत, अस्तराची सक्ती नाही, बाह्यांच्या दोन नळ्या पट्ट्याला. मात्र लेबलवर 'मशीन वॉश' असलेली प्रक्रिया केलेली लोकर किंवा अॅक्रिलिक असेल तर कितीही उकळा, ढिम्म. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. जळालेल्या केसांसारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. बेसिनपाशी उभं राहून करा, गादीवर बसून नको.

पोत्यांबद्दल मुलीनं मारलेला टोमणा मला आवडला, माफ करा. सहाही पोती उपसा. जे कपडे धड आहेत, कुणाच्याही अंगावर आज जाऊ शकतात, ते द्या किंवा घाला. चांगल्या शर्टाची पिशवी करणं ही बचत नव्हे, ती हौस आहे. हौस असू द्या, पण तिला कचरा वाचवल्याचं नाव देऊ नका. उरलेल्यांतून जे हातात घेताक्षणी "याचं हे होईल" असं दिसतं, ते ठेवा. "कधीतरी उपयोगी पडेल" वाले काढून टाका. माझं कपाट एक आहे. ते भरलं की नवा कपडा आणायचा नाही, असा माझा स्वतःशीच करार आहे, आणि तो वर्षातून दोनदा मोडते.

विकण्याचं थोडक्यात सांगते. कापड स्वस्तात मिळालं म्हणून पिशवी स्वस्त, हा हिशेब चुकीचा. तुमचा खर्च कापडाचा नाही, वेळेचा आहे. एकाच बेताच्या तीन पिशव्या शिवा आणि तिसरीला लागलेला वेळ लिहून ठेवा. त्यात उसवणं, धुणं, इस्त्री धरा. त्या तासांना तुम्ही बाहेर शिवणकाम केलं असतं तर काय मिळालं असतं, तो तुमचा आकडा, वर चेन, दोरा, अस्तर. मैत्रिणीला तो आकडा मोठा वाटला तर वाटू द्या. भेट द्यायची तर भेट म्हणून द्या, पण "सांगायला लाज वाटली म्हणून" नको. विकताना जुन्या कपड्याचं आहे हे स्पष्ट सांगा आणि नामांकित कंपनीचा छाप मिरवू नका. तुमची पिशवी त्यांनीच केली असं घेणाऱ्याला वाटू शकतं, आणि कंपन्या त्यावरून कोर्टात जातात. जुन्या कपड्यांवरच्या बटणांचे दागिने करून विकणाऱ्यांवर शनेलनं २०२१ मध्ये अमेरिकेत दावा लावला होता. बटणं खरी असली, तरीही.

आता कोट. त्याला मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण बाकीचं चुकलं तर दुसरं पोतं आहे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्यातली एक मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली केलेली आहे. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचे शेतातले कपडे घेतले आणि त्यांची गोधडी केली, त्याची आठवण म्हणून पांघरायला. विटलेली निळी, गुडघ्यापाशी झिजलेली ठिकाणं, सगळं तसंच ठेवलंय. मी त्या गोधडीचं छायाचित्र बघते तेव्हा मला दिसतं की त्या बाईंनी कपडे कापून नवऱ्याला पुसलं नाही. त्याचं अंग जिथं जिथं घासलं होतं ते तिनं जपलं. पण तुमच्या हाताला अजून ते कापणं नको आहे, आणि हात सहसा उगीच अडत नाही. त्याचं ऐका. दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत.

पिशवीचा विचार करताना एक दुसरीही वाट आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही: कोट कोटच राहू द्या, पण तुमच्या अंगाला येईलसा करा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होतं, ते १९४९ पर्यंत चाललं. तेव्हा पुरुषांच्या सुटांचे बायकी कोट-स्कर्ट घरोघरी झाले. त्याही आधीपासून शिंपी कोट 'उलटवून' देत: सगळा उसवायचा, वरची विटलेली बाजू आत आणि आतली कोरी बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. इतकं तुम्ही करू नका. फक्त अस्तर खालच्या कडेनं एक वीतभर उसवा आणि आत डोकावा. जुन्या शिंप्यांच्या कामात पाठीच्या मधल्या शिवणीला आणि बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, सोडलेली सापडते, पुढं कधी सैल करावं लागेल म्हणून. तुम्हाला त्याच्या उलट करायचंय: पाठीची शिवण आणि बाजू आत घ्या, बाह्यांची लांबी आखडा, जास्तीचं कापड न कापता आतच दुमडून ठेवा. खांदे मोठे राहतील. राहू देत. वडिलांचा कोट घातल्यासारखा दिसेल, आणि तो आहेच.

हेही नको वाटलं तर नुसतं अस्तर बदला. जुनं अस्तर काढून त्याची पिशवी करा, आतल्या खिशासकट. तो खिसा उसवू नका, आहे तसा पिशवीच्या आत उतरवा. ते अस्तर बहुधा निसरडं आणि बगलेत विरलेलं असेल, तेव्हा त्याच्या पाठीला पातळ सुती कापड आधी लांब टाक्यांनी जोडून घ्या आणि मग कापा. कोटाच्या बाहेरच्या अंगाला कात्री लागणार नाही, आणि वडील ज्यात पेन की रुमाल ठेवत असतील तो खिसा तुमच्या खांद्यावर राहील.

तुमची,
ताई

ता. क. टाकाऊ कपड्यांची बटणं कापून घेताना एका कपड्याची सगळी बटणं एकाच दोऱ्यात ओवून गाठ मारा आणि मगच डब्यात टाका. डबाभर सुटी बटणं माझ्याकडेही आहेत, आणि सारखी चार कधीच सापडत नाहीत.